पायांनी पाणी पिणारा सरडा

लातूरच्या एका क्लासमध्ये रेणुकादास सर जीवशास्त्र शिकवतात आणि घरी येऊन ते बायकोला जगायला लावतात. त्या उन्हाळ्यात नळ रुसला आणि नेमके तेव्हाच मुलीचे, मुग्धाचे, सासू-सासरे भोकरहून पहिल्यांदा यायचे ठरले. लग्न मुग्धानं स्वतःच जमवलेलं. त्यामुळे सरांच्या बायकोनं, कुसुमबाईंनी, बजावलं होतं : शेतकऱ्याच्या घरची माणसं, आल्याबरोबर पाय धुवायला घागर भरून पाणी मिळालंच पाहिजे. नाहीतर लातूरचे व्याही कोरडे निघाले असं भोकरभर होईल.

सरांनी उरलंसुरलं पाणी एका ड्रममध्ये साठवलं, झाकणावर पाटा ठेवला आणि घरात वाळवंट जाहीर केलं. उंट अंग तापू देतो, पण घाम गाळत नाही. म्हणून दुपारी कुणी हलायचं नाही. वाळवंटातला कांगारू उंदीर आयुष्यभर पाण्याला तोंड न लावता सुक्या बियांवर भागवतो. म्हणून रात्री फुटाणे. आणि बोलताना वाफ वाया जाते. म्हणून तोंड बंद, श्वास नाकानं.

"हे शेवटचं तुम्ही एकट्यानं पाळलं तरी गल्लीला पुरेल," कुसुमबाई म्हणाल्या. पण ड्रमसाठी त्यांनीही ओठ मिटले. होकार मानेनं, भांडण भुवयांनी.

पाहुणे जीपनं आले. मुग्धाचे सासरे शेषेराव मोरीत उभे राहिले. कुसुमबाईंनी मोठ्या मनानं घागर ओतली. पाय हलेनात. दुसरी ओतली. पाय तिथंच. तिसऱ्या घागरीला ड्रमचा तळ दिसला आणि सरांचा धीर सुटला.

"ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात एक काटेरी सरडा असतो," ते बोलून गेले. "ओल्या वाळूत नुसता उभा राहतो. कातडीतल्या बारीक चिरांतून पाणी तोंडापर्यंत चढतं. पायांनीच पितो म्हणा ना."

व्याह्याला सरडा! कुसुमबाईंनी डोळे मिटून घेतले.

शेषेरावांनी स्वतःच्या पायांकडे बघितलं. "मंजी इवाई, तुमच्याकडं बी पाणी न्हाई?"

सरांनी ड्रमचा तळ दाखवला.

"आमचं बोर कवाच आटलं. इहीणबाई वतूनच राहिल्या, मला वाटलं लई हाय. पाय काढावा तर त्यांचा मान जाईल."

त्यांच्या बायको सिंधुबाई तोंडाला पदर लावून हसत सुटल्या, कारण जाताना इथून पाणी भरून न्यायला आणलेले रिकामे कॅन जीपमध्ये त्यांच्याच सीटखाली होते. ते कळलं आणि कुसुमबाईंचे ओठ उघडले. कितीतरी दिवसांची राखलेली वाफ त्यांनी विहिणीजवळ बसून एका बैठकीत उधळून टाकली.