शीप स्ट्रीटवरचं घर आणि मागचं जोडघर

माझ्या औषधांच्या दुकानासमोर जे उंच खिडक्यांचं विटांचं घर आहे, ते लॉर्ना आणि नेव्हिल हॅसेलनी घेतलं तेव्हा त्याच्या छपरातून कबुतरं ये-जा करत होती. जुन्या काळी गावच्या डॉक्टरनं बांधलेलं घर. मधली कितीतरी वर्षं कुणी लक्ष न दिल्यामुळे खिळखिळं झालेलं. नेव्हिल शाळेत सुतारकाम शिकवायचा, लॉर्ना त्याच शाळेच्या ऑफिसात होती. मुलगी फिओना तेव्हा रांगत होती.

"दोन उन्हाळ्यांत उरकतो बघ," नेव्हिल म्हणाला होता.

फिओना मोठी झाली, लग्न करून ब्रिस्टलला गेली, तरी काम चालूच. लॉर्ना दुकानात यायची तेव्हा तिच्या भुवयांवर चुना असायचा. नाताळातली टर्की ती शेजारच्यांच्या ओव्हनमध्ये भाजून आणायची, कारण त्यांचं स्वयंपाकघर कायम कुठल्यातरी भिंतीची वाट बघत असायचं. गावातल्या जुन्या इमारती जपणारं सरकारी खातं नवीन खिडक्या बसवू देईना, म्हणून नेव्हिलनं जुन्या एकेक उतरवून, कुजलेलं लाकूड कापून, पुन्हा उभ्या केल्या. मागच्या अंगणात बग्गी ठेवायची जागा होती. तिचं त्यानं लॉर्नाच्या आईसाठी जोडघर केलं. रुंद दारं, कुठेच उंबरा नाही, न्हाणीघरात धरायला दांडे. म्हातारी एक हिवाळा तिथे राहिली आणि गेली. पलंग तसाच राहिला.

मग एका शनिवारी शेवटच्या खोलीचं शेवटचं दार बसवून झालं. नेव्हिलनं ते दोन-तीनदा उघडून-मिटून बघितलं, हत्यारं पेटीत भरली, चहा प्यायला आणि म्हणाला, "झालं. मी आता मागे राहायला जातो."

लॉर्नाला वाटलं, रंगाच्या वासानं त्याचं डोकं दुखत असेल. "मग जाताना दूध घेऊन जा," ती म्हणाली. "तिकडे नाहीये."

तो दूध घेऊन गेला तो परत आलाच नाही. पुढच्या आठवड्यात त्यानं आपले कपडे नेले, मग रेडिओ. तेव्हा कुठे तिच्या ध्यानात आलं.

"दुसरी कुणी आहे का?" तिनं अंगणात उभं राहून विचारलं.

"नाही."

"माझं काही चुकलं?"

"नाही गं."

"मग?"

"माहीत नाही," तो म्हणाला आणि झाडांना पाणी घालत राहिला.

घटस्फोट त्यानं मागितला नाही, तिनंही नाही. ती पुढे राहायची, तो मागे. फिओना नाताळात आली की बाबांना आधी भेटायची, मग आईला, किंवा उलट. गावाला अर्थातच चघळायला विषय मिळाला. गुरुवारच्या बाजारात चीजवाली थेल्मा लॉर्नाला म्हणाली, "चांगलंच आहे की गं, नवरा अंगणापलीकडे! घोरणं तरी ऐकू येत नाही."

"येतं," लॉर्ना म्हणाली. "वारा तिकडचा असला की येतं. जरा जुनं चेडर दे."

मी एकदा विचारलं तिला, "रात्री झोप लागते का?" आमच्या धंद्यात हा प्रश्न विचारता येतो.

"लागते. खातेपिते, झोपते. रडू येईल म्हणून वाट बघितली, आलं नाही. दातवाल्यानं सुई दिल्यावर ओठ कसा होतो, तसं झालंय बघ. आपलाच असतो, पण जाणवत नाही."

बरीच वर्षं तशीच गेली. एका सकाळी जोडघराचे पडदे उघडलेले दिसले नाहीत. लॉर्ना कपडे वाळत घालत होती. ते संपवून ती दार वाजवायला गेली. नेव्हिल पलंगाशेजारी जमिनीवर होता, तोंड वाकडं, उजवा हात लुळा. तिनं ॲम्ब्युलन्स बोलावली आणि येईपर्यंत त्याच्या डोक्याखाली उशी धरून बसली.

हॉस्पिटलमध्ये फिओना म्हणाली, "आई, त्यांना वृद्धाश्रमात ठेवू या. तू कशाला करतेस? त्यांनी तुझ्यासाठी काय केलं?"

"छप्पर केलं," लॉर्ना म्हणाली. "घरी आणू. ती जागा अशाच माणसासाठी बांधलीय. आधी आईला उपयोगी पडली, आता त्याला पडेल."

सकाळी मदतनीस बाई यायची, बाकीचं लॉर्ना करायची. त्याच्या गोळ्या न्यायला माझ्याकडे यायची, त्या नेमानं द्यायची. प्रेमानं करते असं कुणी म्हटलं, तर ती नाही म्हणून मान हलवायची. चिडूनही करत नव्हती. कुंडीला पाणी घालावं तसं ती त्याला भरवायची. नेव्हिलची वाचा गेली होती, मग हळूहळू एखाददुसरा शब्द यायला लागला. चमचा. थंड. पाऊस. तिचं नाव मात्र यायचं नाही. तिला हाक मारायची तर तो चादरीवर टिचकी मारायचा.

एका दुपारी ती त्याला लीकच्या पातीचं सूप भरवत होती. मधेच तिनं चमचा वाडग्यात ठेवला आणि विचारलं, "नेव्हिल, तू का गेलास?"

त्याला खूप वेळ लागला. घशातून आवाज काढायचा, थांबायचा. शेवटी म्हणाला, "संपलं."

"काय? आपलं?"

त्यानं मान हलवली. नाही. "काम."

"घराचं काम संपलं म्हणून गेलास?"

त्यानं डोळे मिटून घेतले. मग त्याच्या चांगल्या हाताची बोटं वर आली आणि त्यानं तळहात तिच्यासमोर उघडा धरला. रिकामा.

"काम नसलं की माझ्याशी काय बोलायचं, ते तुला कळत नव्हतं?"

त्यानं हो म्हटलं.

"मलाही कळत नव्हतं," लॉर्ना म्हणाली. "पण मी जेवायला वाढत होते." आणि तिनं उरलेलं सूप त्याला भरवलं, कारण ते निवत चाललं होतं.

हे तिनं मला दुकानात सांगितलं, खोकल्याचं औषध मागावं त्याच सुरात. मी म्हटलं, "निदान कळलं तरी."

"हो, कळलं," ती म्हणाली. "वाटलं होतं कळल्यावर काहीतरी होईल. झालं नाही."

नेव्हिल पुढच्या वसंतात गेला, झोपेत. चर्चमध्ये शाळेचे जुने विद्यार्थी आले होते. एकानं सांगितलं, सरांनी मला रंधा धरायला शिकवलं. नंतर पुढच्या घरात चहा-सँडविच झाले आणि लोक जिन्याच्या कठड्यावरून हात फिरवत राहिले. "काय काम आहे!" जो तो म्हणत होता. लॉर्ना सगळ्यांना थँक यू म्हणत कप गोळा करत होती. फिओना न्हाणीघरात जाऊन मोठ्यानं रडली. आईनं तिला टॉवेल नेऊन दिला आणि दाराबाहेर उभी राहिली.

उन्हाळ्यात तिनं घर विकायला काढलं. एजंट तरुण, चकचकीत बुटांचा. सगळं फिरून, फोटो काढून त्यानं जाहिरातीचा मजकूर वाचून दाखवला: "भर बाजारपेठेतलं जुन्या धाटणीचं कौटुंबिक घर, मोठ्या प्रेमानं नूतनीकरण केलेलं, मागे स्वतंत्र जोडघर."

"ते 'मोठ्या प्रेमानं' काढून टाका," लॉर्ना म्हणाली.

"मॅडम, लोकांना आवडतं ते."

"त्याऐवजी 'काळजीपूर्वक' लिहा. ते खरं आहे."

त्यानं तसं लिहिलं. लीड्सहून आलेल्या एका कुटुंबानं घर घेतलं; मागे त्यांचे आजोबा राहतात, सकाळी अंगणात खुर्ची टाकून पेपर वाचतात. लॉर्ना कालव्याजवळच्या नव्या बंगलीत गेली. भिंती सरळ, खिडक्या प्लॅस्टिकच्या, शेजाऱ्यांच्या मांजराशिवाय कुणाची ये-जा नाही.

परवा ती आली होती. मी रक्तदाबाच्या गोळ्या काढत होते. समोर बघत म्हणाली, "दार पिवळं केलंय त्यांनी."

"रंग बदलला म्हणून जुन्या इमारतींच्या खात्याची नोटीस आलीय म्हणे. वाईट वाटतं का गं?"

तिनं जरा विचार केला. खरंच केला, कपाळाला आठी पडली. "वाटायला पाहिजे का?"

मी गोळ्या पिशवीत घातल्या. तिनं पिशवी घेतली, छत्री उघडली आणि कालव्याकडची बस धरायला गेली.