भिंतीजवळची जागा

माझी मुलगी जन्मली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी गेली. दिवस भरायच्या बऱ्याच आधी ती आली होती. काचेच्या पेटीत ठेवलेली, मुठी आवळलेली. मला तिला एकदाच हातात घेता आलं आणि तेव्हा ती गेलेली होती. अरुळ, माझा नवरा, औषध आणायला बाहेर धावला होता. सासूबाई पापनाशमजवळच्या आमच्या खेड्यातून मिळेल त्या पहिल्या बसनं निघाल्या होत्या. त्या पोचल्या, बाळाकडे पाहिलं आणि रडण्याआधी त्यांनी विचारलं, "पाणी घातलं का कुणी?" बाप्तिस्म्याबद्दल त्या विचारत होत्या. कुणीच घातलं नव्हतं. आमच्यापैकी कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं. सासूबाई भिंतीला टेकून खाली बसल्या आणि त्यांनी पदर तोंडावर ओढून घेतला.

मी तंजावूरच्या मराठी घरातली. आमच्या घरात मारुतीची पूजा, एकादशी, श्राद्धपक्ष, सगळं होतं. अरुळ तमिळ कॅथलिक. लग्नाआधी मी बाप्तिस्मा घेतला तो नुसता लग्नासाठी नव्हे. त्या चर्चमध्ये, बाकावर सगळ्यांत मागे बसून, मला खरोखरच काहीतरी मिळालं होतं. काय ते नीट सांगता येत नाही. पण मुलगी गेली तेव्हा कळलं की मी जे स्वीकारलं होतं ते जिवंत माणसांपुरतं होतं. मेल्यानंतर काय, हा प्रश्न मी कधी स्वतःला विचारलाच नव्हता. अप्पा, माझे वडील, भेटायला आले. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "एवढ्याशा लेकराला कसलं पाप आणि कसलं पुण्य, बाळा? आपल्यात त्याच्यासाठी काही करायचं नसतं. जसं आलं तसं देवाकडे गेलं." मला त्या वेळी वाटलं, या बाबतीत मी माहेरचीच राहिले असते तर बरं झालं असतं.

कारण सासरी उत्तर इतकं सोपं नव्हतं. सासूबाईंना मी तमिळ रीतीनं अत्तै म्हणते. अत्तैंना लहानपणी शिकवलं गेलं होतं की बाप्तिस्मा न झालेली बाळं स्वर्गात जात नाहीत. त्यांना शिक्षा नसते, दुःख नसतं, पण देवाचं मुख त्यांना दिसत नाही. ती कुठंतरी मधेच राहतात, कायमची. अशा बाळांना पूर्वी कबरस्तानात इतरांच्या रांगेतही जागा देत नसत. भिंतीकडेच्या पडीक तुकड्यात पुरत. आमचे फादर तरुण होते. ते म्हणाले, "आता तसं काही नाही, तुमच्या कुटुंबाच्या कबरींजवळच ठेवा." सासरे पूर्वीच वारले होते, त्यांच्या शेजारी जागाही होती. पण अत्तै पुढे झाल्या आणि भिंतीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "तिथं. त्या कोपऱ्यात." अरुळनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, पण आईपुढे तो कधी बोलत नसे. फादरांनीही आग्रह धरला नाही. माझ्या मुलीला भिंतीजवळ पुरलं.

त्यानंतर कितीतरी महिने मी अत्तैंशी कामापुरतंच बोलले. भात झाला, गॅस संपला, बस आली, एवढंच. अरुळचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. त्या काळात घरोघरी केबल येत होती, नवे रंगीत संच येत होते, आणि त्यानं स्वतःला कामात बुडवून घेतलं. मी शाळेत गणित शिकवत होते, तिथं पुन्हा जायला लागले. रविवारी चर्चला जायचे, पण प्रार्थनेत 'मृतांचं पुनरुत्थान' हे शब्द आले की माझे ओठ मिटायचे. शेवटी एका संध्याकाळी फादरांना गाठून मी सरळ विचारलं, "माझी मुलगी स्वर्गात आहे की नाही?"

त्यांनी मला बसायला सांगितलं. म्हणाले, "ते जे मधल्या जागेचं सांगतात, तो धर्माचा सिद्धान्त कधीच नव्हता. विद्वानांनी काढलेला तर्क होता. आम्ही अशा बाळांना देवाच्या दयेवर सोपवतो."

"म्हणजे ती आहे?"

"आशा धरा, अम्मा. मी देव नाही, त्याच्या वतीनं दाखला देऊ शकत नाही. पण आशा धरायला भरपूर कारण आहे."

गणित शिकवणारी बाई मी, मला उत्तर हवं होतं. आशा हा शब्द मला त्या दिवशी फारच तोकडा वाटला. मी आभार मानून उठले, आणि घरी येताना ठरवलं की हे आता कुणालाच विचारायचं नाही.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला आमच्याकडे मृतांचा सण असतो. तमिळमध्ये त्याला कल्लरै तिरुनाळ म्हणतात, कबरींचा सण. आधी दोन-चार दिवस लोक येऊन गवत काढतात, कबरींना चुना लावतात. सणाच्या दिवशी शेवंतीच्या माळा, उदबत्त्या, मेणबत्त्या. सारं कबरस्तान फुललेलं असतं, मुलं पळत असतात, दूरदूरचे नातेवाईक भेटतात. संध्याकाळच्या आधी फादर रांगांमधून पवित्र पाणी शिंपडत फिरतात. आमच्या भागात हे नेमके पावसाचे दिवस. त्या वर्षीही दुपारपासून भुरभुर चालू होती. अत्तै आणि अरुळ सासऱ्यांच्या कबरीशी थांबले. मी एकटी भिंतीकडे गेले.

तिथं फुलं नव्हती, चुना नव्हता. माझ्या मुलीच्या जागेवर अरुळनं ठेवलेला एक दगड होता, आणि त्याच्या बाजूला गवतात बुडालेला दुसरा, जुना. मी मेणबत्ती लावायला लागले. काडी विझायची, वात भिजलेली. तिसऱ्या-चौथ्या काडीला मला रडू फुटलं. इतक्या महिन्यांत मी मोकळेपणी रडले नव्हते, ते तिथं, एका न पेटणाऱ्या मेणबत्तीपायी. तेवढ्यात डोक्यावरचा पाऊस थांबला. वर पाहिलं तर छत्री होती. माझ्यापाठी एक वयस्कर बाई उभी होती, साधी सुती साडी, काखेत कापडी पिशवी. तिनं स्वतःच्या पिशवीतली कोरडी मेणबत्ती काढून मला दिली. ती लगेच पेटली.

"तुमचं कोण?" तिनं विचारलं.

"मुलगी."

"माझे यजमान तिकडे, शेवटच्या रांगेत." तिनं पलीकडे हात केला. मग त्या जुन्या दगडाकडे बघत म्हणाली, "इथं एक आजी येतात, आज अजून आल्या नाहीत. दरवर्षी येतात. सगळे निघून गेले की येतात, या दगडाशी उभ्या राहतात आणि जातात. मी बसची वाट बघत त्या फाटकापाशी थांबते, म्हणून दिसतात मला." आणि मग गर्दीकडे पाहून ती सहज म्हणाली, "त्या बघा ना, तिथं आहेत. हिरव्या साडीतल्या."

हिरव्या साडीत माझ्या अत्तै होत्या.

मी चिखलातून चालत अत्तैंकडे गेले आणि त्यांचा हात धरला. "चला," म्हटलं. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, आणि त्यांना कळलं की मला कळलं आहे. त्या माझ्याबरोबर आल्या. अरुळ काही न समजून मागोमाग आला.

दगडाशी उभं राहून त्या बोलल्या. अरुळच्या आधी त्यांना एक मुलगा झाला होता. जन्मतःच गेलेला. त्यांच्या सासूनं त्यांना त्याचं तोंडही बघू दिलं नाही. नवऱ्यानं पुढे केव्हातरी ही जागा लांबून दाखवली आणि पुन्हा हा विषय काढायचा नाही म्हणून सांगितलं. त्यांनी तो काढला नाही, अरुळपाशीसुद्धा नाही.

"तुझ्या मुलीला रांगेत ठेवलं असतं तर तिथं सगळी मोठी माणसं," त्या मला म्हणाल्या. "ती मधल्या जागी राहणार असेल तर एकटी कशाला? इथं तिचा पेरियप्पा आहे. एवढासाच आहे, पण आपला माणूस आहे."

पेरियप्पा म्हणजे मोठा काका. मी त्यांना मिठी मारली. इतके महिने ज्याला मी कठोरपणा समजत होते, ती त्यांनी माझ्या मुलीसाठी केलेली सोय होती. अरुळ खाली बसला आणि हातांनीच त्या जुन्या दगडाभोवतीचं गवत उपटायला लागला.

फादरांची फेरी तोवर आटपत आली होती. ते फाटकाकडे वळले, तशी ती छत्रीवाली बाई भरभर चालत गेली आणि आम्हाला ऐकू येईल एवढ्या आवाजात म्हणाली, "फादर, तिकडे भिंतीपाशी दोघं राहिलीत." फादर परत आले. त्यांनी दोन्ही दगडांवर पाणी शिंपडलं, पूर्ण प्रार्थना म्हटली, इतरांसाठी म्हटली तीच. ती संपल्यावर अत्तैंनी त्यांना विचारलं, "माझा मुलगा देवाला बघतो का?"

फादर म्हणाले, "तुम्ही त्याला विसरला नाहीत, अम्मा. देव तुमच्यापेक्षा विसराळू आहे का?"

त्यांनी मला सांगितलं होतं त्याहून यात जास्त काही नव्हतं. पण अत्तैंनी डोळे मिटले, आणि त्यांचे खांदे सैल झाले. माझंही तसंच काहीतरी झालं. प्रश्न सुटला नाही. फक्त तो धरून ठेवलेला हात उघडला.

मी आभार मानायला वळले तेव्हा ती बाई गेली होती. तिची बस आली असावी. मी तिचं नावही विचारलं नव्हतं. पुढच्या वर्षी आम्ही लवकर गेलो, तिची वाट पाहिली. ती भेटली नाही, पण तिच्या नवऱ्याच्या कबरीवर ताजी फुलं होती, म्हणजे ती येऊन गेली होती. ती देवदूत होती असं मी म्हणणार नाही. ती पापनाशमच्या किंवा कुंभकोणमच्या बसनं येणारी कुणी विधवा असेल. तिला पाठवलं कुणी, हे मात्र मला ठाऊक आहे असं वाटतं.

अत्तै त्यानंतर काही वर्षं जगल्या. आमचं दोघींचं फार जमलं. शेवटच्या आजारात, फादर प्रार्थना करून कपाळाला पवित्र तेल लावून गेल्यावर, त्यांनी मला जवळ बोलावलं. मराठी त्यांना येत नव्हतं. मी माहेरच्यांशी बोलायचे तेव्हा त्या नुसत्या हसायच्या.

"तू तुझ्या मुलीशी तुमच्या भाषेत बोलली असतीस ना?"

"हो."

"मग तिथं मी तमिळमध्ये हाक मारली तर तिला कळायचं नाही. तुमच्यात जवळ बोलवायचं झालं तर कसं म्हणतात?"

"ये गं," मी म्हटलं. "ये गं, बाळा."

"ये गं, बाळा," त्या म्हणाल्या. ळ त्यांना छान जमला, तो तमिळमध्येही आहे. दोन दिवस त्या ते पुटपुटत होत्या. नर्सला वाटलं, वातात बरळताहेत.

परमेश्वरा, मला अजूनही खात्री नाही. पण ज्या हातांत ती दोन बाळं आणि अत्तै आहेत त्या हातांबद्दल मला आता शंका उरलेली नाही. एवढं तू दिलंस, मला ते पुरेसं आहे.