डाळीच्या डब्यातल्या गोळ्या

अंगारे-धुपारे, दृष्ट, चमत्कार... यांवर माझा काडीचाही विश्वास नाही. मी गंगाखेडला शाळेत विज्ञान शिकवते. घडलं तेही माझ्याच विषयातलं — म्हणून तर जास्त छळतं.

काही वर्षांपूर्वी आत्याबाईंचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं, लिव्हर निकामी झालं. नवऱ्याचा रक्तगट जुळला नाही, माझा जुळला. एरवी आमचं भाजीतल्या मिठावरूनही जुळायचं नाही! पण दिला मी माझ्या लिव्हरचा तुकडा. पुण्यात ऑपरेशन झालं, दोघी धडधाकट परतलो.

आत्याबाईंना रोजच्या गोळ्या मात्र जन्मभराच्या. शेजारणीनं "कशाला?" विचारलं, तेव्हा मी शाळेतल्या बाईंच्या थाटात सांगितलं — शरीर नव्या लिव्हरला परकं समजून हाकलायला बघतं, गोळ्या त्याला आवरतात. आत्याबाई शेंगा फोडत ऐकत होत्या.

पुढे एका रविवारी डाळीला भुंगा लागला म्हणून डबा उन्हात पालथा केला... तर तळाशी त्याच गोळ्या. ढीगभर!

"आत्याबाई, हे काय?"

"लय दिस झाले, खाईनाच मी," त्या शांतपणे म्हणाल्या. "माप ओलांडून आलेली सून परकी कशी? घरच्याला घरात राहू द्यायला गोळी कशाला लागती?"

मी ओरडले, रडले, तशीच त्यांना गाडीत बसवून परभणीला रक्त तपासायला नेलं. रिपोर्ट येईपर्यंत लॅबच्या दारातून हलले नाही. भांडायला का होईना, पण मला त्या हव्या होत्या.

रिपोर्ट स्वच्छ! अल्ब्युमिन, बिलिरुबिन, सगळं जागेवर. पुण्याच्या डॉक्टरांनी आधी आम्हा दोघींना मनसोक्त झापलं, मग सुईनं लिव्हरचा कण काढून तपासला. म्हणाले, क्वचित एखाद्याचं शरीर गोळ्यांशिवायही लिव्हर आपलं मानतं. ते आधी ओळखता यावं म्हणून रक्तातल्या प्रथिनांचा अभ्यास चालू आहे. पण रक्ताचं नातं नसताना, यांचंच का — ते त्यांनाही सांगता आलं नाही. आता त्यांच्या देखरेखीखाली, वरचेवर तपासणी करत, गोळ्यांविना चाललंय. कृपा करून कुणी हे घरी करू नका. आमचं निभावलं, दुसऱ्याच्या जिवावर बेतेल.

मला आजही उत्तर सापडलेलं नाही. नेमके कुणाचे आभार मानायचे तेही कळत नाही, म्हणून सगळ्यांचेच मानते.

त्या दिवशी पुण्याहून परतताना मी गाडीत डाफरलेच, "जिवाची भीती नाही का वाटली तुम्हाला?"

"तुजं हाय म्हनून तर धीर केला," आत्याबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "लेकाचं असतं, तर रोज गोळी खाल्ली असती बाई."