जावयाचं नाव नसलेला अहवाल

मुलांनो, तुमचे आजोबा जळगावच्या एका छोट्या सहकारी बँकेचे अध्यक्ष होते. एका वर्षी वरून इंग्रजी परिपत्रक आलं: संचालकांच्या कोणकोणत्या नातेवाइकांना कर्ज दिलंय, ते वार्षिक अहवालात छापा. मी त्याचं मराठी करून दिलं आणि आजोबांकडची नावंही ओळीने लावून दिली. धाकटे दीर, चुलत दीर, माझ्या बहिणीचे यजमान.

वार्षिक सभेत मीच अहवाल वाटले. एरवी लोक त्याने वारा घेत. या वेळी सगळे वाचत बसले. मागून कोणीतरी ओरडलं, "अध्यक्षसाहेब, लग्नपत्रिका झकास! मुहूर्त कितीचा?"

हशा संपायच्या आत माझ्या नणंदेचे यजमान उभे राहिले. दोंडाईच्याला त्यांचा मिरचीचा व्यापार. "वहिनी, बठ्ठासना नावं शेतस. साडूनं बी शे. घरना जवाई कोठे शे?"

"भाऊजी, सगळ्यांची नावं आहेत, कारण सगळ्यांनी कर्ज घेतलंय. तुम्ही घेतलंच नाही."

"म्हंजे कर्ज नही, ते नातं बी नही?"

आणि ते न जेवता निघून गेले.

तुमच्या आईचं लग्न तोंडावर आलेलं, आणि धुळ्याचं ते स्थळ भाऊजींनीच आणलेलं. मध्यस्थच रुसला तर व्याह्यांना काय सांगायचं? आजोबांचं जेवणावरून मन उडालं.

त्याच आठवड्यात भाऊजी कर्जाचा अर्ज घेऊन बँकेत हजर. मॅनेजरने विचारलं, "कारण काय लिहू?"

"अहवालात नाव पाहिजे, असं लिहा."

नातेवाइकाचा अर्ज असला की अध्यक्षांनी बैठकीतून उठायचं, हा नियम. म्हणून संचालकांच्या बैठकीत तो अर्ज निघताच आजोबा बाहेर येऊन बाकावर भाऊजींशेजारी बसले. मध्ये मी, आजोबांचा डबा घेऊन आलेली. दोघेही भिंतीकडे बघत चहा पीत होते. थोड्या वेळाने मॅनेजर चाचरत बाहेर आला. "अर्ज एकमताने नामंजूर."

मोडलं लग्न, मला वाटलं. पण भाऊजी मांडीवर थाप मारून म्हणाले, "अध्यक्षना मेव्हणाले नही म्हनतस! याले म्हनतस बँक!"

लग्नात ते पंगतीपंगतीतून हेच सांगत फिरले. "मला! सख्ख्या जावयाला! चक्क नाही म्हणाले!" जिलबी वाढणाराही थबकून ऐकत होता.

तुमचे धुळ्याचे आजोबा इतके खूश झाले, की पुढच्याच आठवड्यात ठेव ठेवायला आले. पैसे देण्याआधी मात्र त्यांनी मॅनेजरला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "अहवालात ठेवीदारांची नावं कोणत्या पानावर छापता?"