अमेरिकेतली गॅलरी

क्षमा वगैरे मला जमत नाही, आणि वय झालं म्हणून आता जमेल असंही वाटत नाही. आमच्या टोळीच्या म्होरक्याचा परवा मुलुंडला सत्कार होता. मी ठेवणीतली साडी नेसून दुसऱ्या रांगेत जाऊन बसले, ती काही त्याचं कौतुक ऐकायला नव्हे.

टोळी म्हणजे कवींची. आम्ही सगळे पंचविशीत, आणि रविवारी दुपारी घाटकोपरला त्याच्या फ्लॅटवर जमायचो. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत काही तरुण कवींनी मिळून जो धुमाकूळ घातला, त्यानं आम्हाला पार वेड लावलं होतं. नोकरी, घर, नीटनेटकेपणा, सगळ्याला लाथ मारणारे, एकमेकांकडे पथाऱ्या टाकून झोपणारे, कविता छापायच्या आधी मोठ्यांदा म्हणून दाखवणारे लोक! आमच्यातलं कोणी नोकरीला लाथ मारणार नव्हतं. पण म्हणून दाखवणं आम्ही उचललं, आणि वर स्वतःचा एक नियम केला की खाली नाव घालायचं नाही. कविता सगळ्यांची.

त्या अमेरिकनांना मराठीत मीच आणायचे. "तू कर ना यार, तुला झटपट जमतं," म्हणून बाकीचे मोकळे. ऑफिसातून आले की मी घाटकोपरलाच आमच्या चाळीच्या गॅलरीत लिहीत बसायचे. आतून आई ओरडायची, "काय खरडतंस गो तिथं?"

एका लांबलचक कवितेत इमारतीच्या बाहेरचा लोखंडी जिना होता. आग लागली तर पळायला तिकडे असतो तसला. कवी त्याच्यावर बसून गप्पा मारतात, खालचा रस्ता बघतात. तो जिना जसाच्या तसा मराठीत घातला असता तर ऐकणाऱ्याला आगीचा बंब आठवला असता. मी सरळ गॅलरी केली. आपल्याकडे माणसं बाहेर बसून बोलतात ती जागा तीच. मी वाचून दाखवलं तेव्हा म्होरक्या म्हणाला, "झकास!"

मग माझं लग्न झालं, मी बोरिवलीला गेले, टोळी पांगली. आणि एक दिवस माझी सगळी भाषांतरं पुस्तक होऊन दुकानात आली. वर म्होरक्याचं एकट्याचं नाव. मी फोन केला, तर म्हणतो, "अगं, आपलं ठरलंच होतं ना, कविता सगळ्यांची?"

"मग तुझं नाव कसं रे, मेल्या?"

"प्रकाशकाला कोणाचं तरी लागतंच ना."

त्या पुस्तकावर कवींची एक अख्खी पिढी पोसली. ज्यांनी चाळ बाहेरूनही पाहिली नव्हती, ती पोरंपोरी गॅलरीच्या कविता लिहायला लागली. हा त्या गॅलरीवर व्याख्यानं देत हिंडला, हार घालून घेत. प्रत्येक बातमीला माझ्या अंगाचा तिळपापड. नवरा म्हणायचा, सोड गं आता. का सोडू? माझी संध्याकाळ-संध्याकाळ त्यात गेली होती.

तर मुलुंडला शाल झाली, नारळ झाला, नवी आवृत्ती येणार अशी घोषणा झाली. सूत्रसंचालक म्हणाला, कोणाला प्रश्न? मी उठले. "सर, मूळ कवितेतली ती गॅलरी नेमकी कशी आहे, जरा सांगाल?"

त्यानं मला ओळखलं. तरी गडी खुलला. सवयच ना! तिकडच्या गॅलऱ्या कशा आपल्यासारख्याच लांब, सामाईक असतात, त्यातून त्या कवींची सामूहिक जाणीव कशी आली, असं बरंच बोलला. मी त्याला बोलू दिलं. टाळ्यासुद्धा होऊ दिल्या.

मग म्हटलं, "मूळ कवितेत गॅलरी नाहीये. लोखंडी जिना आहे. गॅलरी घाटकोपरच्या आमच्या चाळीतली, मी घातलेली. भाषांतर माझं आहे. सरांनी मूळ कविता उघडूनसुद्धा पाहिलेली नाही."

पुढच्या रांगेतल्या एका मुलीनं तिथल्या तिथे मोबाईलवर कविता काढली, वाचली, आणि शेजारणीला दाखवली. मोबाईल हातोहात मागे सरकत गेला. त्यानं पाणी मागितलं. आहाहा! खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याचा फोन. "नव्या आवृत्तीवर तुझं नाव घालतो. तेवढा गॅलरीचा जिना करून दे."

"गॅलरी राहील. नाव माझं एकटीचं. आणि प्रस्तावनेत तू लिहायचं की मी मूळ कविता कधी वाचल्याच नाहीत."

"एवढी वाट लावणार आहेस माझी?"

"हो."

मला वाटलं, आता फोन आपटणार. तर हळूच म्हणाला, "मला कधी गरजच वाटली नाही गं. तुझ्या पाठ होत्या. सगळ्या. अजून आहेत."

इतक्या वर्षांत माझ्या भाषांतराबद्दल असं कोणी म्हटलं नव्हतं. मी म्हटलं, "हेच लिही. पहिल्या पानावर."