सासूचा आवाज

गावातल्या बायका तिला सुरई म्हणायच्या, कारण त्या डोंगराळ भागात सरळ, सडपातळ मान असलेली तीच एक. बाकी प्रत्येकीच्या गळ्याला गाठ होती, कुणाची लिंबाएवढी तर कुणाची मुठीएवढी. सासूची सगळ्यांत मोठी. तिचा आवाज घोगरा आणि बोलण्याआधी श्वासाची बारीक शिट्टी वाजायची. ऑपरेशनचं नाव काढलं की म्हणायची, "गळ्याला सुरी लावून घ्यायला मी काय बोकड आहे?" शेवटी श्वास कोंडूनच गेली.

पुढे सुरई सरकारी दवाखान्यात लागली. गळ्याच्या डॉक्टरीणबाईंच्या दारात उभं राहून पेशंटना हाका मारायच्या, हे तिचं काम. बाकावर बहुतेक बायकाच, त्याही वरच्या वाड्यांतल्या. मायलेकी, सख्ख्या जावा शेजारी शेजारी बसायच्या आणि एकीचा हात गळ्याकडे गेला की सगळ्यांचे जायचे. "मातीतच आयोडीन नाही, मग पाण्यात कुठून येणार?" डॉक्टरीणबाई म्हणायच्या.

एके दुपारी सुरईने हाक मारली, तर तिच्याच गळ्यातून आधी शिट्टी वाजली आणि मग घोगरा आवाज आला. बाकावरची एक म्हातारी ताडकन उठली. "सुरईची सासू तर गेली ना? मग कोण बोलावतंय?"

संध्याकाळी सुरईने घरी स्वयंपाकघरातून नवऱ्याला जेवायला हाक मारली.

"आलो, आई," बाहेरून उत्तर आलं.

मान अजून तशीच सडपातळ होती. डॉक्टरीणबाईंनी छातीचा फोटो काढून पाहिला. "गाठ बाहेर न येता आत छातीत उतरलीय. श्वासनळी दाबतेय, आवाजाची नसही. काढायलाच हवी."

"काढा," नवरा म्हणाला. मग खाली बघत विचारलं, "पण आवाज असाच राहील ना?"

"पूर्वीसारखा होईल बहुतेक. खात्री नाही देत."

खात्री नाही म्हटल्यावर त्याचा चेहरा हलका झाला. ते पाहून सुरईच्या अंगावर काटा आला.

ऑपरेशन नीट झालं. श्वास मोकळा झाला, हळूहळू तिचा आवाजही परत आला. नवऱ्याने तिची सेवा जीव ओतून केली, पण ती बोलू लागली की तो काहीतरी काम काढून उठायचा.

थंडीत तिला पडसं झालं, घसा बसला. त्या दिवशी तो लवकर घरी आला, तिच्या पायाशी भिंतीला टेकून बसला आणि त्याने डोळे मिटून घेतले.

"बोल ना काहीतरी," तो म्हणाला.

"काय बोलू?"

"काहीही. माझ्यावर रागावलीस तरी चालेल."

अंधारून आलं होतं, तिला उठून दिवा लावावासा वाटला. पण त्याचे ओठ लहान मुलासारखे थरथरत होते. तिने त्याच्या केसांवर हात ठेवला.

"जेवलास का रे?" ती म्हणाली.

तो "हो" म्हणाला. आणि मग, सुरईने काहीही विचारलेलं नसताना, आईला द्यायची राहिलेली उत्तरं एकामागून एक देत राहिला.