उद्यातात्या

आमच्या तात्यांनी कुठलाही बोल्ट त्याच दिवशी चांगला म्हटल्याचं मला आठवत नाही. कितीही घाई असो, पाना खाली ठेवून ते म्हणत, "उद्या सांगतो." त्यामुळे कारखान्यात त्यांचं नावच पडलं होतं, उद्यातात्या. नव्वदच्या दशकात बारामती एमआयडीसीतला आमचा कारखाना पंपांसाठी कडक केलेल्या स्टेनलेसचे बोल्ट बनवी. ते ॲसिडात धुणं आणि लगेच भट्टीत शेकणं हे तात्यांचं काम.

"धुताना लोखंडाच्या अंगात वारं शिरतं, साहेब," त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं. "देवाचं वारं घुमून जातं. ह्ये गप बसून ऱ्हातं."

मी पुण्याहून धातुशास्त्र शिकून आलेला. मला हसू आलं. खरं तर तात्या पुस्तकातलंच बोलत होते. ॲसिडातला हायड्रोजन पोलादात झिरपतो आणि आत दडून बसतो. बोल्ट आवळून ताण बसला, की कधी दुसऱ्या, कधी तिसऱ्या दिवशी, कुणी हातही न लावता तो तुटतो. वेळेवर शेकलं तर हायड्रोजन निघून जातो. चीर पडल्यावर कितीही शेका, उपयोग नाही.

तात्या जवळच्याच अंथुर्णे गावचे. वडलांपर्यंत घरात मेंढरं होती. प्रत्येक लॉटमधले पाच बोल्ट ते एका जाड पट्टीत आवळून खिडकीत ठेवत आणि जाता-येता त्यांच्याकडे बघत. कुणी चेष्टा केली तर म्हणत, "सांजच्याला समदी मेंढरं धडच दिसत्यात. सकाळी कुठलं उठत न्हाय ते बघायचं."

एकदा वीज गेली आणि भट्टी निम्म्यातच गार झाली. फाटकात ट्रक उभा होता, मालकांचे दोन निरोप येऊन गेले होते. तात्या म्हणाले, "आज न्हाय, साहेब. पुन्ना शेकू द्या."

दहा माणसं बघत होती. मी नवा, अंगात साहेबी भिनलेली. म्हणालो, "मेंढरं हाकायची अक्कल इथं चालवू नका, तात्या." आणि माल सोडायच्या कागदावर सही केली. तात्यांनी हातमोजे काढले, त्यांची नीट घडी घातली आणि त्या लॉटमधले पाच बोल्ट नेहमीसारखे आवळून खिडकीत ठेवले. ते वाक्य आठवलं की आजही मला लाज वाटते.

तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही डबे खात असताना खिडकीत ठण्णकन आवाज झाला. तात्यांनी बोल्टचं तुटलेलं डोकं आणून माझ्या टेबलावर ठेवलं.

"माल परत बोलवा. बसवायच्या आत." एवढंच बोलले.

माल परत आला. नशीब, कुणाला इजा झाली नाही. मालकांनी सगळ्यांसमोर माझ्या दक्षतेचं कौतुक केलं. तात्या मागे उभे होते. त्यांचं नाव माझ्या ओठांवर आलं होतं, ते मी गिळलं. उद्या माफी मागू, असं मनाशी ठरवलं.

उद्या उद्या करत महिना गेला. तात्या वेळेवर येत, रामराम घालत, बोल्ट आवळून खिडकीत ठेवत. मला वाटलं, विसरले. मग एका सोमवारी ते आलेच नाहीत. शेजारच्या माणसाबरोबर कपाटाची किल्ली तेवढी पाठवून दिली.

मी अंथुर्ण्याला गेलो. तात्या उसाच्या बांधाला बाजेवर बसले होते. त्यांनी चहा सांगितला, पावसापाण्याचं विचारलं. मी एका दमात सगळं बोलून टाकलं, मालकांनाही खरं काय ते सांगतो म्हणालो. तात्यांनी मान खाली घालून ऐकून घेतलं.

"तुमच्यावर राग न्हाय, साहेब. त्याच दिशी बोलला असता तर वारं निघून गेलं असतं."

"मग परत चला, तात्या. लगेच नका सांगू. उद्या सांगा."

त्यांनी कपबशी खाली ठेवली.

"न्हाय, साहेब. ह्ये आजच सांगतो. चीर पडल्याव शेकून काय व्हत न्हाय."